उज्ज्वलाच्या हातची साय

फ्रिज बोंबलायला लागला तेव्हा नंदाबाई अंगणात मळणीनंतरचं सोयाबीनचं कुटार गोळा करत होती. टुईं टुईं टुईं. थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा टुईं टुईं टुईं. आधी तिला वाटलं पोरगा संजय फोन घरीच विसरून वावरात गेला. मग वाटलं शेजारच्या जमनीच्या पोरांचं काही खेळणं असेल. शेवटी पदराला हात पुसत ती आत गेली, तर फ्रिजच्या दारावर लाल अक्षरं पेटत होती, विझत होती. नंदाबाईची शाळा तिसरीत सुटली, पण आकडे तिला येतात. पहिलं अक्षर होतं तीन दातांच्या मोडक्या फणीसारखं, आणि त्याच्या पुढे पाच.

"काय झालं बापा तुले?" ती फ्रिजला म्हणाली.

उत्तमसिंगचं, नंदाबाईच्या नवऱ्याचं, हे घर दारव्ह्याजवळच्या तांड्यातलं. घरात आपसात बंजाऱ्यांची गोरबोलीच चालते. सगळ्यांना समजावं म्हणून इथं त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगायचं, एवढंच. फ्रिजशी मात्र नंदाबाई पहिल्यापासून खरोखरच वऱ्हाडीत बोलायची. बाहेरून आलेला, त्याला आपली बोली कुठून समजणार, असा तिचा हिशेब. सून उज्ज्वला यावर पोट धरून हसायची. हा फ्रिज तिच्याच लग्नात फुलसावंगीकडून, तिच्या माहेरहून आलेला. "सासूबाई, त्याले इंग्रजी येते, वऱ्हाडी नाही येत," असं ती म्हणायची. आता तशी हसणारी घरात कोणी नव्हती.

नंदाबाईनं काय करावं? तिनं मीठ-मिरची मुठीत घेतली आणि फ्रिजवरून उतरवली. कोणाची नजर लागली असेल तर जाईल! मिरच्या चुलीत टाकल्या, सगळं घर खोकायला लागलं, आणि फ्रिज टुईं टुईं करतच राहिला. खोकला ऐकून जमनी आली. जमनी म्हणजे नंदाबाईची धाकटी जाऊ. जीभ धारेची, मन लोण्याचं.

"अवं बाई, फ्रिजची नजर काढून राह्यली का? उद्या त्याचं बारसं कर."

"हसू नोको जमनी. आतलं पाघळलं त मी काय करू?"

जमनीचं हसू तिथंच विरलं. आतलं म्हणजे काय, ते तांड्यात सगळ्यांना माहीत होतं.

वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे, एक मोठा स्टीलचा डबा होता. डब्यात साय. उज्ज्वलाची रीतच होती ती. रात्री दूध तापवायचं, पहाटे गंजावरची, म्हणजे दुधाच्या पातेल्यावरची, जाड साय चमच्यानं उचलायची आणि डब्यात टाकून बर्फात ठेवायची. डबा भरला की तूप. नंदाबाईला ते आधी मुळीच पटलं नव्हतं. "साय का बर्फात ठेवाची वस्तू हाये? आमच्या सासवा शिंक्यावर ठेवत," म्हणून तिनं महिनाभर तोंड वाजवलं होतं. मग पहिलं तूप कढलं, घरभर वास सुटला, आणि नंदाबाईनं दुसऱ्या दिवशी गुपचूप तीन घरी वाटीवाटी पोचवलं, आमच्या सुनेनं केलं म्हणून. सुनेसमोर मात्र कबूल केलं नाही. सासू ती सासूच.

आखाडात वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, निंदता निंदता उज्ज्वलाला पान लागलं. तांड्यात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. गाडी मिळाली, दारव्ह्याला नेलं, तिथून पुढे यवतमाळला न्यायला निघाले, आणि वाटेतच संजयच्या मांडीवर तिनं मान टाकली. मागे लेकरूबाळ नाही. कपडे रिवाजाप्रमाणे गेले, बांगड्या तिच्यासोबतच गेल्या, चपला वावराच्या धुऱ्यावर, बांधावर राहिल्या त्या कोणी आणल्याच नाहीत. राहिला तो हा डबा, अर्धा भरलेला.

दिवसकार्याला फुलसावंगीची माणसं आली. उज्ज्वलाची आई नंदाबाईच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच तिनं विचारलं, माझ्या पोरीच्या हातचं काही राहिलं का घरात? नंदाबाईनं सांगितलं, राहिलं, साय राहिली. आणि आन घेतली, की दिवाळीला तिच्याच हातच्या तुपाचा धबुकार देईन. दिवाळीला चुलीतले इंगळ बाहेर काढायचे, गेलेल्यांची नावं घ्यायची आणि गोडाचा घास अन् तूप त्यांच्यावर सोडायचं, तो धबुकार. तुपाचा जाळ वर उठला की समजायचं, पोचलं. गेल्यानंतरची पहिली दिवाळी मोठी असते. उज्ज्वलाची पहिली दिवाळी आता तोंडावर आली होती, आणि फुलसावंगीचे सगळे येणार होते.

"तूप करून ठेवलं असतं त?" जमनीनं पूर्वीही एकदा म्हटलं होतं. "साय नासते, तूप का नासते? कायले फ्रिज अडवून बसली?"

"धबुकाराले ताजं तूप लागते," नंदाबाईनं तिला उडवून लावलं होतं.

खोटं. धबुकाराला ताजं लागतं असं कुठल्या याडीनं, म्हणजे आईनं, सांगितलं नाही आणि कुठल्या भगतानंही नाही. खरी गोष्ट एवढीच, की साय डब्यात होती तोवर उज्ज्वलाचं काम अर्धं होतं. तूप कढलं की संपलं. नंदाबाईला ते संपवायचं नव्हतं. तिनं डब्यावर एक जाड फडका घातला, डबा हात जाईल तेवढा मागे ढकलला, घरात सगळ्यांना ताकीद दिली की याले कोनी हात लावाचा नाही, आणि मग स्वतःही त्याच्याकडे पाहिलं नाही. छातीच होईना. कप्पा उघडायची, समोरची मटारची पिशवी काढायची, आणि मागचा फडका दिसला की झटकन दार लावून टाकायची.

संजयला बोलावणं गेलं. तो वावरातून मातीच्या पायांनी धावत आला. फोन लावायचंही सुचलं नाही त्याला. त्यानं वरचा कप्पा उघडला. मटारची पिशवी ओली, मऊ. आंब्याच्या फोडींना घाम सुटलेला. आणि मागे बर्फाची पांढरी भिंत, त्या भिंतीनं डबा आणि फडका मागून अर्धे गिळलेले. त्यानं डबा ओढला. तो जागचा हलेना.

"पंखा नाही फिरून राह्यला," संजय म्हणाला. "मांग समदा बर्फ धरला, अन् पुढं गरम."

"मंग फोड ना बर्फ! पाहून का राह्यला?"

नंदाबाईच्या डोळ्यांसमोर दिवाळी उभी राहिली. पुढचं पाघळलं, आता मागचं पाघळणार, साय आंबणार, आणि फुलसावंगीची ती माय दिवाळीला दारात उभी राहून विचारणार, कुठं आहे? तिनं भिंतीवरचा लोखंडी सराटा, म्हणजे उलथणं, ओढला आणि संजयच्या हातात दिला. घे, याच्यानं फोड. संजय ओल्या जमिनीवर अनवाणी उभा, एक हात फ्रिजवर, दुसऱ्या हातात सराटा. एक घाव घातला, बर्फाची खपली उडाली. दुसरा घातला.

"याडी, हाताले मुंग्या आल्या वं," तो म्हणाला, आणि तरी तिसऱ्यांदा हात उचलला.

तेवढ्यात खट्‌ आवाज झाला. छताचा पंखा थांबला, लाल अक्षरं विझली, टुईं टुईं बंद. उत्तमसिंग ओसरीतल्या बाजेवरून कधी उठला कोणाला कळलं नाही. मेन स्विचवर त्याचा हात होता. एरवी हा माणूस दिवसाला मोजून चार शब्द बोलतो.

"सराटा कोनं देल्ला त्याच्या हातात?"

संजयनं सराटा खाली टाकला.

"एक वावरात गेली," उत्तमसिंग म्हणाला. "दुसरा घरात घालवतं का? साईसाठी?"

नंदाबाईनं संजयच्या हाताकडे पाहिलं. पोटच्या पोराच्या हातात लोखंड आपणच दिलं होतं, तो मुंग्या आल्या म्हणाला ते आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि आपल्या तोंडातून थांब असा शब्द निघाला नव्हता. डब्याकडे पाहत होतो आपण. हे तिला आता कळलं.

मग संजयनं फोन लावला, फ्रिजच्या दारावर कंपनीचा नंबर चिकटवलेला होता त्यावर. बराच वेळ गाणं वाजलं, हे दाबा, ते दाबा झालं, आणि शेवटी एक पोरगी बोलायला आली. आवाज कोवळा, भाषा पुस्तकातली. संजयनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पडद्यावर काय दिसतं, तिनं विचारलं. ई पाच, संजय म्हणाला. आतला पंखा फिरत नाहीये सर, ती म्हणाली. मेकॅनिक पाठवते, पण तुमच्या भागात दिवाळीनंतरची तारीख आहे.

"तवरिक काय कराचं?" संजयनं विचारलं.

"आधी वीज बंद करा, सर."

"ते बापूनं केली."

"छान केलं. आता पिनही काढून ठेवा, कोरड्या हातानं. पिनला तीन दांड्या आहेत ना?"

संजयनं पिन काढली, पाहिली आणि बापाकडे पाहिलं. दोनच होत्या. तिसरी, जाड, वरची, मुळापासून तोडलेली. लग्नाच्या वरातीत फ्रिज घरात आला तेव्हा भिंतीवरच्या बोर्डाला दोनच भोकं होती, आणि पाहुणे फ्रिज चालू झालेला पाहायला थांबले होते. उत्तमसिंगनं पकडीनं तिसरी दांडी कट्‌कन तोडून टाकली होती आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला.

"म्हणून मुंग्या आल्या सर तुम्हाला," पोरगी म्हणाली. "नशीब तुमचं. ती बदलल्याशिवाय चालू करू नका. आणि बर्फाला काही टोकदार लावलं नाही ना? त्याच्या मागे गॅसच्या नळ्या असतात. त्यांना भोक पडलं तर गॅस पेटू शकतो."

सराटा अजून जमिनीवर पडलेला होता. नंदाबाईनं तो पायानं चुलीमागे ढकलला, जसं काही फोनमधून तिला दिसतंच.

"कप्पा पूर्ण रिकामा करा. दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली कापड टाका, आणि उद्या सकाळपर्यंत बर्फ आपोआप उतरू द्या. गरम पाणी ओतू नका. मागचं झाकणही खोलू नका."

"उद्यापर्यंत?" नंदाबाईनं फोन संजयच्या हातातून ओढून घेतला. "पोरी, ऐक. त्यात माह्या सुनेची साय हाये. सून गेली माही. तेवढीच राह्यली तिची. ते पाघळू नोको देऊ, दुसरं काहीबी सांग."

फोनमधली बटणांची टकटक थांबली.

"आजी," मग ती पोरगी म्हणाली, आणि तिची पुस्तकातली भाषा कुठल्या कुठं गेली, "तो डबा कुठं ठेवला होता?"

"मांग. अगदी मांग."

"मागे जाळी असते आजी, तिथून गार हवा येते. तिला काही टेकलं की हवा कोंडते, बर्फ धरतो आणि पंखा अडकतो. तुमचा डबाच टेकलाय तिथं. तो काढला नाही तर आज नाही तर उद्या पुन्हा हेच होईल." मग ती म्हणाली, "माफ करा आजी. दुसरा उपाय असता तर सांगितला असता."

झालं. सांभाळायला म्हणून मागे ढकललेल्या डब्यानंच घोटाळा केला होता. ही काय जगाची तऱ्हा म्हणायची!

दोन्ही दारं उघडी टाकून फ्रिज उभा राहिला, आतून काळोखा. खाली पोतं टाकलं. ठप, ठप पाणी पडायला लागलं. नंदाबाई समोर बसून राहिली. जमनीनं चहा आणला, तो निवला. उत्तमसिंग म्हशीला सरकीची ढेप टाकायला गेला, तर एरवी नंदाबाई मागून ओरडली असती, मूठ भरून टाका म्हणून. आखाडापासून तिची म्हशीवर खुन्नस होती. दूध पार पातळ झालं होतं, सकाळी गंजावर साय म्हणून दिसायची नाही. तुमी ढेप खाता का काय, असं ती नवऱ्याला विचारायची आणि तो न बोलता ऐकून घ्यायचा. आज ती फ्रिजसमोरून उठलीच नाही.

दिवेलागणीला बर्फाची भिंत मधून तडकली आणि फडका सुटला. जाळीच्या फटींत त्याचं टोक शिरलं होतं, ते हलकेच ओढून काढावं लागलं. मग डबा निघाला. नंदाबाईनं दोन्ही हातांनी तो उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. जड होता. तिनं ठेवला होता तेव्हा अर्धा होता, तिला पक्कं आठवत होतं. दिवा जवळ आणून तिनं पाहिलं. झाकण लागलंच नव्हतं. साय काठापर्यंत येऊन वर फुगली होती आणि झाकण नुसतं तिच्यावर टेकवलेलं होतं, मागे कललेलं.

"हे काय वं जमनी? साय का बर्फात वाढते?"

जमनीनं दिवा वर धरला. ती दाराकडे पाहत होती. दारात संजय उभा होता, खाली मान घालून.

नंदाबाईला कळायला वेळ लागला. पहाटे म्हैस दोहायला संजयच उठतो. गंज त्याच्या हाताशी असतो. पातळ दूध, रिकामा गंज, आणि ती बिचारी म्हैस फुकटची शिव्या खात होती.

"तू?" ती म्हणाली. "तू टाकत होता? कवापासून?"

"तवापासूनच."

"मी सांगतलं होतं ना, हात लावाचा नाही!" नंदाबाई एवढ्या जोरानं ओरडली की कोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "तिची साय होती ते! तिच्या हातची! आता त्यात तिचं काय अन् तुह्यं काय, मी कसं निवडू? तिच्या मायले मी काय सांगू, संज्या? आन घेतली होती मी! काहून केलं असं? काहून?"

संजयनं दाराची चौकट धरली. बायको गेल्यापासून तो कामापुरतंच बोलायचा. वावर, घर, वावर. लोक म्हणायचे, पोरगं घट्ट काळजाचं आहे, रडलंसुद्धा नाही.

"पहाटं दूध काढून आलो का ते उठून बसलेली राहे," तो म्हणाला. "मी गंज धरू, ते साय काढे. मंग डबा उघडून मले दाखवे, पाह्य किती झाली म्हनून. ते गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीबी गंजावर साय आली, याडी. म्हशीले काय माहीत. म्या चमचा घेतला अन् टाकली. नाही टाकली त... नाही टाकली त मंग ते गेलीच ना."

नंदाबाईनं डब्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. राग तर होताच, पण तो कुठं ठेवावा तेच कळेना. ती डबा मांडीवर घेऊन बसली. डब्याच्या बाहेरून पाण्याचे ओघळ उतरत होते, तिचं लुगडं भिजत होतं.

साय मऊ पडली होती. ती पुन्हा बर्फात जाणार नव्हती आणि दिवाळीपर्यंत थांबणारही नव्हती. जमनीनंच उठून मोठं पातेलं आणलं, डबा त्यात ओतला. तळाची साय पिवळसर, जाड, वरची पांढरी. दोघींनी एक क्षण ती पाहिली. मग नंदाबाईनं विरजणाचा चमचा टाकला आणि हातानंच सगळं एक केलं.

दुसऱ्या दिवशी उत्तमसिंग सकाळच्या जीपनं दारव्ह्याला गेला आणि वायरमनला सोबतच घेऊन आला. तीन दांड्यांची पिन, तीन भोकांचा बोर्ड, आणि जमिनीत गाडायची अर्थिंगची तार. वायरमननं तोडलेली पिन हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, काका, कोणत्या शहाण्यानं केलं हे? उत्तमसिंग म्हणाला, होता एक. आणि तो खड्डा खणायला लागला.

आत नंदाबाई ताक घुसळत होती. लोणी आलं, गोळाच्या गोळा. तीन पाण्यांनी धुतलं, चुलीवर चढवलं. लोणी कढायला लागलं, फेस वर आला, खाली बसला, आणि मग तो वास सुटला. ओसरीत, अंगणात, जमनीच्या घरात. नंदाबाई सराट्यानं हलवत राहिली, तोच सराटा. ती वासात शोधत होती काही. कुठं उज्ज्वलाचं संपतं आणि कुठं संजयचं सुरू होतं, काही कळतंय का ते. नाही कळलं. एकच वास होता.

"कढत्या तुपाले काय माहीत वं बाई," जमनी हळूच म्हणाली, "कोन्या हातानं कोनती साय टाकली."

नंदाबाईनं बरणी भरली. वरून स्वच्छ कापड बांधलं आणि देवाजवळ ठेवली. फुलसावंगीच्या मायला काय सांगायचं ते तिनं मनात ठरवून टाकलं. खरं तेच सांगायचं. तुमच्या पोरीनं अर्धा डबा भरला होता, उरलेला तिच्या नवऱ्यानं भरला. ऐकून ती रडेल, पण नाराज नाही होणार. आईच आहे ती.

मग फ्रिज लावला. पोरगीनं सांगितलं तसं आधी आतून कोरडा पुसला, थोडा वेळ थांबले. उत्तमसिंगनं स्वतः मेन वर केला आणि सगळे डोळे दारावरच्या पडद्यावर लागले. फणी नाही. पाच नाही. आत पंखा हळू घरघरला. नंदाबाईनं डबा घासून, पुसून मांडणीवर पालथा घातला. वरचा कप्पा रिकामा, मागची जाळी उघडी. तिनं एवढ्या दिवसांत ती जाळी पहिल्यांदा पाहिली.

पुढल्या सकाळी तिला जाग आली ती टुईं टुईंनं. उठली तशी धावली, लुगडं पायात येऊन पडता पडता वाचली. पुन्हा बिघडला की काय! पण पडद्यावर काहीच नव्हतं. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज ओरडत होता. वरचा कप्पा सताड उघडा आणि समोर संजय. एका हातात दुधाचा गंज. दुसऱ्या हातात चमचा, चमच्यावर साय, गंजाएवढी रुंद, काठावरून लोंबलेली. सवयीनं तो इथवर आला होता आणि इथं येऊन अडकला होता.

त्यानं आईकडे पाहिलं. त्याचं तोंड लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हासारखं झालं होतं.

"याडी," तो म्हणाला, "आता कुठं टाकू?"

आखाडापासून नंदाबाई दारात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडली होती. तांड्याची रीतच आहे, भेटलं की गळ्यात पडायचं आणि गेलेल्याची आठवण काढत सूर लावून रडायचं. पुरुष बाजूला उभे राहतात. संजय बाजूला उभा राहायचा. त्याच्या गळ्यात पडायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

ती मांडणीकडे गेली, पालथा डबा काढला, पदरानं पुन्हा एकदा पुसला आणि त्याच्यासमोर धरला. संजयनं चमचा उपडा केला. तळाला साय पडली तसा बारीक आवाज झाला, रिकाम्या डब्यात होतो तसा.

"मांग ढकलू नोको," नंदाबाई म्हणाली. "जाळीले लागू देऊ नोको, पुढंच ठेव. अन् भरला का झाकण जबरीनं दाबू नोको, मले सांग, तूप करू."

संजयनं मान हलवली. आणि मग गंज तसाच जमिनीवर ठेवून तो आईच्या खांद्यावर कोसळला. एवढा थोरला पोरगा, वावरात बैलासारखं राबणारा, लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. नंदाबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि तिचा सूर लागला, गोरबोलीत, मार छोरी ये, मार छोरी, तू तो गी आन अमेन छोडगी, माझ्या पोरी, तू तर गेलीस अन् आम्हाला सोडून गेलीस. जमनीच्या घरचं दार उघडलं. पण जमनी शहाणी, ती आली नाही. फ्रिज टुईं टुईं करत राहिला.

उत्तमसिंग कोठ्यातून आला. दोघांकडे न पाहता त्यानं नंदाबाईच्या हातातून डबा सोडवून घेतला, झाकण लावलं, वरच्या कप्प्यात अगदी पुढे ठेवला आणि फ्रिजचं दार बंद केलं.